करवत, थापी आणि रायफल : सैन्यातील सुतार-गवंड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिले होते की, भारतीय सेनेच्या कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये, म्हणजे पूल, सुरुंग आणि बांधकामाची कामे करणाऱ्या शाखेत, सुतार आणि गवंडी हे आजही स्वतःच्या हातांनी काम करणारे सैनिक असतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे संपादकांनी सुचवले. मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये सुतारकामाच्या ट्रेडमध्ये सॅपर, म्हणजे शिपाई, म्हणून दाखल झालो आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे पुढील उत्तरांत नियमांची माहिती आहे तशी स्वतःच्या अनुभवाची भरही आहे. भरतीच्या अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी सेनेच्या अधिकृत संकेतस्थळावरील त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, ही विनंती सुरुवातीलाच करतो.

प्रश्न : मी आयटीआयमधून सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. दहावीला ५८ टक्के गुण आहेत. वडीलही सुतारकामच करतात. सैन्यात मला माझ्याच ट्रेडमध्ये भरती होता येईल का? प्रशिक्षण कसे असते? आमच्या गावातले काही जण म्हणतात की, तिथे एकदा गेले की हत्याराला हात लागत नाही, नुसती परेड आणि पहारा.
— एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : तुमचे दहावीचे गुण पुरेसे आहेत. अग्निवीर जनरल ड्यूटीसाठी एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. दहावीच्या पात्रतेवरील ट्रेड्समन गटासाठी प्रत्येक विषयात ३३ टक्के गुणांसह उत्तीर्ण असणे पुरते. आधी संगणकावर लेखी परीक्षा होते आणि तीत निवड झालेल्यांनाच मैदानावर बोलावतात. तिथे १.६ किलोमीटर धावणे, पुल-अप्स, नऊ फुटांचा खंदक उडी मारून ओलांडणे आणि नागमोडी तुळईवरून तोल सांभाळत चालणे अशा चाचण्या असतात. सुतारकामाने खांदे आणि मनगटे तयार झालेल्या मुलाला पुल-अप्स फारशा जड जात नाहीत, असे मी पाहिले आहे. धावणे मात्र वेगळे कमवावे लागते.

आता ट्रेडविषयी. सेनेत सुताराच्या ट्रेडला ‘आर्टिझन वूड वर्क’ आणि गवंड्याच्या ट्रेडला ‘आर्टिझन कन्स्ट्रक्शन’ म्हणतात. आयटीआयचे प्रमाणपत्र हातात असले म्हणजे हाच ट्रेड मिळेल, अशी हमी मी देऊ शकत नाही. कोणत्या ट्रेडमध्ये किती माणसे हवीत, मुलाचा कल कोणता आणि चाचणीत तो काय करून दाखवतो, यांवर वाटप ठरते. त्या चाचणीच्या दिवशी तुमच्या हाताला असलेली सवय मात्र लपत नाही. करवत सुरू करताना पहिला ओढा कसा घेतला, रंधा मारताना लाकडाच्या रेषेची दिशा पाहिली की नाही, गुण्या लावण्याआधी कड सरळ करून घेतली की नाही, एवढ्यावरून उस्तादाला (प्रशिक्षकाला) पुढच्या माणसाची तयारी कळते. तुमच्या वडिलांनी शिकवलेले त्या वेळी कामाला येईल.

कोअर ऑफ इंजिनिअर्सचे तीन गट आहेत : बंगळूरचे मद्रास सॅपर्स, रूडकीचे बंगाल सॅपर्स आणि आपल्या पुण्याजवळ खडकीला असलेले बॉम्बे सॅपर्स, म्हणजेच बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. इथे शिपायाला शिपाई न म्हणता ‘सॅपर’ म्हणतात. बॉम्बे सॅपर्स आपली स्थापना १८२० पासून मोजतात आणि मराठी मुलखातील घराघरांतून तिथे गेलेली माणसे आहेत. तुमच्या कुटुंबातील कोणी या गटात नोकरी केली असेल, तर युनिट मुख्यालयाच्या कोट्यातून होणाऱ्या भरतीचीही चौकशी करा.

प्रशिक्षणाचे ढोबळमानाने तीन थर असतात. पहिला थर प्रत्येक सैनिकाचा : कवायत, शारीरिक तयारी, रायफल चालवणे आणि साफ ठेवणे, नकाशा वाचणे, रात्रीची हालचाल. या काळात तुम्ही सुतार आहात याची कोणी आठवणही काढणार नाही. गावातले लोक जे सांगतात ते या काळापुरते खरे आहे, आणि घरी येणारे पहिले निराश पत्र किंवा फोन याच काळातला असतो. दुसरा थर सॅपरचा : पूल बांधणे, सुरुंग शोधणे आणि निकामी करणे, स्फोटके वापरणे, पाण्यावरची कामे, दोर आणि गाठी, खंदक व मोर्चे (गोळीबारापासून आडोसा देणाऱ्या जागा) उभारणे. तिसरा थर तुमच्या ट्रेडचा. या क्रमाला कारण आहे. पुढच्या ठाण्यावर दरवाजाची चौकट बसवणारा माणूस हल्ला झाला तर त्याच चौकटीआडून गोळी चालवणार असतो. त्याच्यासाठी वेगळा पहारेकरी कोणी ठेवत नाही.

ट्रेडच्या प्रशिक्षणात पाया पुन्हा पहिल्यापासून घातला जातो. तुम्हाला येत असले तरी लाकडाची ओळख, हत्यारांना धार लावणे, कुसू आणि भोकाचे सांधे, डवटेल सांधा, छपराची कैची बनवणे, दारे-खिडक्या, काँक्रीटसाठी सेंट्रिंग, सारे नव्याने गिरवावे लागते. मला सुरुवातीला याचा राग येई, कारण वयाच्या बाराव्या वर्षापासून मी वाकस धरत होतो. एका उस्तादांनी माझा सांधा हातात घेतला, प्रकाशासमोर धरला आणि सांध्यातून येणारी उजेडाची बारीक रेघ मला दाखवली. मग काही न बोलता तो परत दिला. घरी तो सांधा चालून गेला असता. फट भरून काढायला घरी लांबी (पुट्टी) असते. त्या दिवसापासून मी ‘मला येते’ असे म्हणणे सोडले.

युनिटमध्ये गेल्यावर ट्रेडच्या वर्गीकरणाच्या परीक्षा होत राहतात आणि त्या उत्तीर्ण होण्यावर पुढील वाटचाल बरीचशी अवलंबून असते. सॅपर, लान्स नायक, नायक, हवालदार आणि त्यापुढे नायब सुभेदार, सुभेदार असा क्रम आहे. हवालदार होईपर्यंत माणूस स्वतःच्या हाताने काम करतो. नंतर हळूहळू हत्यार कमी आणि मोजमाप, सामानाचा हिशेब, माणसांची विभागणी जास्त, असे होत जाते. ज्यांचे मन हत्यारातच रमते त्यांना हा बदल जड जातो. मलाही गेला.

प्रश्न : मी पंचवीस वर्षे बांधकामाचा ठेका घेतो. माझा पुतण्या गवंडीकाम उत्तम करतो आणि सैन्यात जाऊ म्हणतो. माझा सरळ प्रश्न असा, की भिंत ती भिंत. सैन्यातल्या आणि बाहेरच्या गवंडीकामात असा काय फरक असतो?
— एक बांधकाम ठेकेदार, बार्शी (जि. सोलापूर)

उत्तर : आपला प्रश्न मला मनापासून आवडला, कारण तो कामाच्या माणसाचा आहे. थोडे सविस्तर लिहितो.

ओळंबा, लेव्हलची नळी, थापी, दोरी आणि काटकोनासाठी तीन-चार-पाचचे माप, हे सारे तिथेही तेच. विटेच्या भिंतीत सांधेमोड केली नाही, म्हणजे उभे सांधे एकावर एक येऊ दिले, तर भिंत फाटते, हा नियमही तोच. फरक दिसतो तो हीच सांधेमोड विटेऐवजी वाळूच्या किंवा मातीच्या पोत्यांत करावी लागते तेव्हा. मोर्चाची पोत्यांची भिंत म्हणजे पोती एकावर एक रचणे, असे बाहेरच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात पोते सुमारे तीन चतुर्थांशच भरतात. गच्च भरले तर ते गोल होते, बसत नाही आणि घसरते. एका थरात पोती लांबीने, पुढच्या थरात आडवी, असे विटांच्या ‘इंग्लिश बाँड’ रचनेप्रमाणेच चालते. पोत्याचे बांधलेले तोंड आणि शिवण बाहेरच्या अंगाला कधीही येऊ देत नाहीत, नाहीतर तीच जागा आधी फाटते. प्रत्येक थर लाकडी फळीने ठोकून सपाट करतात आणि भिंतीला आतल्या बाजूला किंचित कल देतात. आपल्या पुतण्याला विटेचे काम येत असेल, तर ही भिंत तो एका दिवसात शिकेल आणि ती पाहून चांगला गवंडी कोण हे ओळखताही येईल.

त्या मोर्चाच्या छतात सुतार आणि गवंडी एकत्र येतात. खाली खांब, त्यावर आडवी लाकडे, त्यावर पत्रा किंवा फळ्या, पाणी अडवणारा थर आणि वर मातीचा नाहीतर दगडांचा जाड थर. याला फौजेत ‘ओव्हरहेड प्रोटेक्शन’ म्हणतात. आपण घराच्या छताचे वजन मोजताना माणसे आणि पाऊस धरतो. इथे मातीचा थर जितका जाड तितका आतला माणूस तोफगोळ्याच्या तुकड्यांपासून सुरक्षित, पण तितकाच खालच्या खांबांवर भार. पावसात माती भिजली की तिचे वजन वाढते, ही गोष्ट न धरता बांधलेले छत शत्रूने एकही गोळी न झाडता खाली येते. म्हणून खांबाच्या तळाशी दगड किंवा फळी घालून भार पसरवणे आणि खांबांना तिरके आधार देणे यांत कोणीही तडजोड करू देत नाही.

उंचावरची गोष्ट याहून वेगळी. सोलापुरात आपली लढाई उन्हाशी असते. ताज्या कामावर ओली पोती टाकून पाणी मारत राहायचे. तिकडे थंडीशी असते. हवेचे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की सिमेंटचे घट्ट होणे फार मंदावते आणि मिश्रणातले पाणी गोठले तर ते फुगून काँक्रीट आतून फोडते. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका उंच ठाण्यावर आम्ही जनरेटरसाठी ओटा घातला. दुपारचे ऊन चांगले होते, म्हणून त्या दिवशीच काम उरकावे असा आग्रह मीच धरला आणि रात्री झाकण्यासाठी पुरेसे कांबळे व ताडपत्री आहे की नाही हे पाहिले नाही. सकाळी ओट्याचा वरचा थर नखाने निघत होता. सगळा ओटा फोडून, पाणी कोमट करून, सकाळी लवकर ओतून आणि गवत व ताडपत्रीचे दोन थर टाकून तो पुन्हा घातला. सिमेंटची ती पोती माणसांच्या पाठीवरून वर आली होती. ज्यांनी ती आणली त्यांच्यासमोर तो ओटा फोडताना मला काय वाटले, ते इतक्या वर्षांनंतरही विसरलेलो नाही. बाहेर माल वाया गेला तर पैसे जातात. तिथे दुसऱ्याचे श्रम जातात आणि ती माणसे तुमच्यासमोरच उभी असतात.

लाकडाचेही तसेच. कोरड्या थंड हवेत लाकूड आटते, फळ्यांमध्ये फटी पडतात आणि त्या फटींतून येणारा वारा झोपू देत नाही. छपराला उतार कमी दिला तर बर्फ साचतो. उघड्या हाताने लोखंडी हत्यार धरले तर कातडी चिकटते, म्हणून जाड हातमोजे घालून खिळा धरायला शिकावे लागते. हे शिकायला मला एक पूर्ण हिवाळा लागला.

आणि पूल. बेली ब्रिजचे नाव आपण ऐकले असेल. त्याचे एक पॅनेल दहा फूट लांब आणि सुमारे २६० किलो वजनाचे असते. ते यंत्राशिवाय सहा जण दांड्यांवर पेलून नेतात, खिळीने एकमेकांना जोडतात आणि रोलरवरून पलीकडच्या काठाकडे ढकलतात. पलीकडे कोणी नसताना पूल पुढे सरकवायचा असतो, म्हणून आधी पुढे हलके ‘नाक’ जोडतात आणि मागे वजन ठेवून तोल सांभाळतात. हे पोलादाचे काम असले, तरी दोन्ही काठांवरची बैठक सपाट आणि पक्की करणे गवंड्याचे आणि वरची फळ्यांची वाट सुताराच्या नजरेखाली होते. २०२४ च्या जुलैअखेरीस केरळमधील वायनाड येथे दरड कोसळून गावेच वाहून गेली, तेव्हा मद्रास सॅपर्सनी चूरलमला येथे १९० फुटांचा, २४ टन भार पेलणारा असा पूल १ ऑगस्टच्या संध्याकाळी पूर्ण केला. दहा फुटांचे एक पॅनेल धरले तर एकोणीस गाळे होतात. पाऊस, चिखल आणि खाली खवळलेले पाणी असताना ते एकेक करून जोडले गेले. मुंबईकरांना जवळचे उदाहरण म्हणजे २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकावर चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर बॉम्बे सॅपर्सनी तिथे, करी रोडला आणि आंबिवलीला उभारलेले पादचारी पूल. ते २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुले झाले. रोज त्यावरून जाणाऱ्यांनी कधी क्षणभर थांबून त्याचे जोड पाहावेत.

शेवटचा फरक असा, की हे काम करताना कोणी तुमच्यावर गोळीबार करत असेल, हे गृहीत धरलेले असते. कारवारजवळच्या चेंडिया गावात जन्मलेले रामा राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साधे सॅपर म्हणून दाखल झाले. एप्रिल १९४८ मध्ये सेकंड लेफ्टनंट असताना नौशेरा ते राजौरी या वाटेवर शत्रूने पेरलेले सुरुंग आणि रस्त्यावर आडवे पाडलेले पाइन वृक्षांचे अडथळे त्यांनी गोळीबारात, स्वतः जखमी असताना दूर केले, म्हणून आपले रणगाडे पुढे जाऊ शकले. परमवीर चक्राने हयातीत सन्मानित झालेले ते पहिले वीर. १९६८ मध्ये ते मेजर पदावरून निवृत्त झाले. आपल्या पुतण्याला त्यांची हकीकत जरूर सांगा. झाड कापून रस्ता मोकळा करणे ही साधी मजुरी वाटते, ती त्या चार दिवसांत काय होती ते त्याला कळू द्या.

प्रश्न : माझा मुलगा अग्निवीर म्हणून भरती होऊ इच्छितो. चार वर्षांनी घरी परत पाठवतात असे ऐकते. त्याचे वडील हयात नाहीत, घर माझ्या शिवणकामावर चालते. चार वर्षे देऊन त्याच्या हाती काय राहील, हे मला स्पष्ट सांगाल का?
— एक आई, इस्लामपूर (जि. सांगली)

उत्तर : ताई, तुम्ही स्पष्ट विचारले आहे, म्हणून आकडे आधी सांगतो. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत नेमणूक चार वर्षांची असते. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये ठरलेले आहेत, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातील तीस टक्के रक्कम सेवानिधीत जमा होते, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० रुपये येतात. सरकार तेवढीच भर घालते आणि चार वर्षांअखेर मुद्दल १०.०४ लाख रुपये व त्यावरील व्याज मिळते. त्यावर प्राप्तिकर नाही. सेवाकाळात ४८ लाख रुपयांचा विमा असतो आणि त्याचा हप्ता मुलाला भरावा लागत नाही. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी नाही. प्रत्येक तुकडीतील पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना निवडून पुढे किमान पंधरा वर्षांसाठी नियमित सेवेत घेतात.

म्हणजे चारातील तिघे परत येतील असे धरूनच घरी विचार करायला हवा. आपलाच मुलगा राहील, या भरवशावर कर्ज काढू नका किंवा लग्न ठरवू नका, असे मी कळकळीने सांगतो. पण हातात कसब असलेल्या मुलाची स्थिती इतरांपेक्षा बरी असते, आणि याच कारणासाठी मी इंजिनिअर्सच्या ट्रेडकडे पाहा असे म्हणतो. तो तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी परत येईल तेव्हा त्याच्याकडे शिस्त, थोडे भांडवल आणि विकता येण्याजोगे काम असेल.

त्यासाठी एक गोष्ट त्याने पहिल्या दिवसापासून करावी. उत्तीर्ण केलेल्या प्रत्येक ट्रेड टेस्टची नोंद, प्रत्येक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि मिळालेले कौशल्य प्रमाणपत्र यांच्या प्रती घरी पाठवाव्यात आणि तुम्ही त्या एका फाइलमध्ये ठेवाव्यात. ठाण्यांची नावे, ठिकाणे, छायाचित्रे यांतले काहीही त्यात नको. ते गोपनीय असते. माझ्याबरोबरचे फार कुशल असे सुतार मी पाहिले, ज्यांना निवृत्तीनंतर आपण काय काम केले याचा एक कागद दाखवता आला नाही आणि ते सुरक्षारक्षकाच्या नोकरीवर गेले. त्या नोकरीत कमीपणा नाही, पण त्यांच्या हातातली कला तिथे बसून राहिली, याचे मला आजही वाईट वाटते. दहावीवर भरती झालेल्या मुलाला सेवेत असतानाच राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावी करता येते आणि पुढे इग्नूच्या पदवीत सैनिकी प्रशिक्षणाचे श्रेयांक धरले जातात. ही संधी त्याने सोडू नये.

परत आल्यावर केंद्रीय सशस्त्र पोलीस दले, आसाम रायफल्स आणि संरक्षण मंत्रालयाची मुलकी पदे यांत माजी अग्निवीरांसाठी दहा टक्के जागा राखीव ठेवण्याचे जून २०२२ मध्ये जाहीर झाले होते. सुतार-गवंड्याला आणखी एक दार आहे. सीमा सडक संघटना ७ मे १९६० रोजी स्थापन झाली आणि हिमालयातील रस्ते, पूल, बोगदे बांधते. तिच्या जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्सचे केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे आणि तिथे वेळोवेळी ‘मल्टी स्किल्ड वर्कर (मेसन)’ अशा पदांची भरती निघते. दहावी आणि संबंधित आयटीआय अशी पात्रता त्यात मागितली जाते. तुमच्या मुलाने अजून आयटीआय केले नसेल आणि वय हातात असेल, तर आधी एक वर्ष गवंडीकामाचा किंवा सुतारकामाचा अभ्यासक्रम करून मग भरतीला जावे, असे माझे मत आहे. अग्निवीरासाठी वय किमान साडेसतरा लागते आणि वरची मर्यादाही असते. सतराव्या-अठराव्या वर्षी एक वर्ष थांबणे परवडते, विसाव्या वर्षी परवडत नाही.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुलींना सॅपर होता येते का?
— एक विद्यार्थिनी, कराड (जि. सातारा)

उत्तर : इंजिनिअर्समध्ये सॅपर म्हणून मुलींची भरती सध्या होत नाही, अग्निवीरांमध्ये मुलींसाठी मार्ग लष्करी पोलीस दलाचा आहे. तुमच्यासाठी अधिकारी होण्याचा रस्ता मोकळा आहे. अभियांत्रिकी पदवीधर महिलांसाठी शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा तांत्रिक प्रवेश असतो, वय २० ते २७, आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनीही अर्ज करू शकतात. इंजिनिअर्समध्ये नेमणूक झाली तर दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये शिकण्याची संधी मिळते. वायनाडच्या ज्या पुलाचा वर उल्लेख केला, त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या मेजर सीता शेळके अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याच्या आहेत. एक सूचना करतो : अधिकाऱ्याला स्वतः रंधा मारावा लागत नाही, पण ज्याला भिंतीतला ओळंबा डोळ्यांनी कळतो त्याचे म्हणणे सुतार आणि गवंडी लगेच ऐकतात. सुट्टीत एखाद्या बांधकामावर महिनाभर थापी हातात घ्या.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतो. मुलगा ग्रीन कार्डधारक आहे, वय १९. महाविद्यालयात त्याचे मन लागत नाही, लाकूडकाम मात्र सुंदर करतो. अमेरिकी सेनेत असे काही काम आहे का?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : आहे. अमेरिकी सेनेत ‘बारा डब्ल्यू’ या सांकेतिक क्रमांकाचा ट्रेड सुतारकाम आणि गवंडीकाम या दोन्हींचा मिळून आहे. आपल्याकडे हे दोन ट्रेड वेगळे, तिकडे एकच सैनिक लाकडी सांगाडाही उभारतो आणि काँक्रीट ब्लॉकची भिंतही बांधतो. दहा आठवड्यांच्या मूलभूत प्रशिक्षणानंतर ट्रेडचे प्रशिक्षण मिसिसिपी राज्यात गल्फपोर्ट येथे, नौदलाच्या बांधकाम दलाच्या तळावर होते. ते अवघ्या काही आठवड्यांचे असते, म्हणून खरे कसब युनिटमध्ये गेल्यावरच येते. ग्रीन कार्डधारकाला शिपाई म्हणून भरती होता येते. आपल्या मुलाला पूर्णवेळ नोकरी नको असेल, तर राखीव दल आणि नॅशनल गार्ड यांतही हा ट्रेड आहे; तिथे साधारणपणे महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे द्यावे लागतात, बाकी दिवस तो बाहेर सुतारकाम करू शकतो. त्या दलांनाही युद्धभूमीवर पाठवले जाते. सेवेमुळे अमेरिकी नागरिकत्वाचा मार्ग सुकर होतो, पण ते स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. हा निर्णय एकोणीस वर्षांच्या मुलाने एकट्याने घेऊ नये. घरात बसून बोला.

प्रश्न : भरतीला अजून सहा महिने आहेत. या काळात मी नेमके काय करू?
— अहमदपूरच्याच वाचकाच्या पत्राची शेवटची ओळ

उत्तर : रोज पहाटे धावा आणि आठवड्यातून एकदा घड्याळ लावून १.६ किलोमीटरची वेळ लिहून ठेवा. लेखी परीक्षेसाठी दहावीचे गणित आणि विज्ञान पुन्हा करा. दर रविवारी वडिलांच्या शेजारी बसून खिळा आणि लांबी न वापरता एक सांधा करा, तो उजेडासमोर धरून पाहा, आणि त्यावर तारीख टाका. सहा महिन्यांत असे पंचवीस-सव्वीस सांधे होतील. पहिला आणि शेवटचा मला टपालाने पाठवलात तर मी ते पाहून दोन्ही परत पाठवीन.